सूचना : दहावी ‘ब’, लातूर (मार्च १९९४) – स्मरणिकेसाठी आठवणी हव्यात

मित्रमैत्रिणींनो,

दसऱ्यापर्यंत आपापली आठवण पाठवा. पानभर पुरे. ग्रुपवर टाकू नका, इतर निरोपांत हरवते; मला वैयक्तिक पाठवा. टाईप करणं जमत नसेल तर हाताने लिहून फोटो काढा.

सहल आणि स्नेहसंमेलनावर भरपूर आलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावर मात्र कुणीच लिहिलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. किल्लारीकडची मुलं नंतर आपल्या वर्गात आली, हजेरीपटावर शेवटी त्यांची नावं वेगळ्या शाईने चढली. बाकावर तिघांच्या जागी चौघं बसायला लागलो आणि एक गणिताचं पुस्तक दोघांत वापरलं. आपला वर्ग खरा तेव्हाच एक झाला, म्हणून स्मरणिकेचा गाभा हाच असावा असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी त्या पहाटे घरचं माणूस गमावलं, त्यांना आग्रह नाही. लिहिलंत, तर तुम्हाला विचारल्याशिवाय एक शब्दही बदलणार नाही.

निरोप समारंभाचा फोटो असेल त्यांनी मागची बाजूही पाठवा, नावं तिथे लिहिलेली आहेत.

– स्मरणिका समितीतर्फे