बाबा, नव्या मैदानावर जाऊन आले

लिव्हरपूल
11 ऑगस्ट 2025

प्रिय आई-बाबा,

सा. न. दादाला राखी वेळेत पोचली, त्याचा फोटो आला. शनिवारी तुमचे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही, म्हणून आई फुगून बसली असणार. आई, त्या गोंगाटात फोन वाजलेला ऐकू येणं शक्यच नव्हतं. इथल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमवर मॅचला गेले होते. पुढचं तुला बाबा समजावतील.

बाबा, समोर इटलीच्या रोमाची टीम होती. सीझन सुरू व्हायच्या आधीची फ्रेंडली. ना पॉइंट, ना ट्रॉफी. "फ्रेंडलीला कोण पैसे घालवतंय," हे तुमचं वाक्य मला इथं बसून ऐकू येतंय. पण एव्हर्टनची मोठी टीम या मैदानावर पहिल्यांदाच उतरणार होती, त्यामुळं सगळं गाव लोटलं होतं. खरं तर ती स्टेडियमचीच परीक्षा होती. इथं नवं मैदान एकदम भरू देत नाहीत. फेब्रुवारीत अठरा वर्षांखालच्या पोरांची विगनशी मॅच ठेवली आणि दहा हजार माणसं आत सोडली. मार्चमध्ये एकवीसखालच्यांची बोल्टनशी, तेव्हा पंचवीस हजार. गेटं, जिने, गर्दी बाहेर पडायची व्यवस्था, सगळं तपासून मगच हा मोठा घास. पूर्ण भरलं की जवळजवळ त्रेपन्न हजार माणूस बसतं.

गंमत म्हणजे दोन्ही क्लबांचा मालक एकच, अमेरिकेतला फ्रीडकिन ग्रुप. आपल्या कोल्हापुरातले पाटाकडील आणि दिलबहार हे क्लब एकाच शेठजींनी विकत घेतले तर पेठांत काय होईल, याचा विचार करत मी रांगेत उभी होते.

स्टेडियम मर्सी नदीच्या काठावर आहे. ब्रॅम्ली-मूर डॉक म्हणून 1848 सालची जुनी गोदी होती. समुद्रातून उपसून आणलेल्या वाळूनं ती भरली आणि वर हे उभं केलं. जुनं मात्र सगळं पुसलेलं नाही. रस्त्याच्या कडेनं गोदीची जुनी भिंत तशीच आहे. ग्रॅनाइटचे वेडेवाकडे धोंडे एकमेकांत असे बसवलेत की सांध्यात नखसुद्धा जात नाही. मी घालून बघितलं. आत पटांगणात मालगाडीचे जुने रूळ ठेवलेत, लोक त्यावर उभं राहून फोटो काढतात. बाजूला विटांचा एक जुना टॉवर आहे, गोदीतली यंत्रं चालवायला पाण्याचा दाब तिथून मिळायचा. एवढं जपूनही 2021 मध्ये युनेस्कोनं लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, आणि त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. ही जागा वर्षानुवर्षं ओसाड पडली होती. आता तिथं पोरं खांद्यावर बसून येतात. मला विचाराल तर सौदा वाईट नाही.

आत गेल्यावर मात्र खरंच तोंड उघडं राहिलं. दक्षिणेकडचा स्टँड म्हणजे एकसलग उभी भिंतच, तेरा हजार माणसांची. इथल्या नियमानं स्टँडचा चढ 35 अंशांपर्यंत चालतो, तर यांनी 34.99 ठेवलाय! पायऱ्या उतरताना कठड्याला हात लागतोच. (बाबा, गुडघ्याची काळजी नको, लिफ्ट आहेत.) मैदान इतकं जवळ की गोलकीपर बॅकला ओरडला तर शब्द कळतो.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. जुन्या मैदानात, गुडिसन पार्कात, त्यांची जागा बरोबर खांबामागं. "गोल हुकला की खांबाला शिव्या घालायचो. आता सगळं स्वच्छ दिसतंय, शिव्या कुणाला घालू?" म्हणाले. पुढं अर्धा तास त्यांनी तो प्रश्न रेफरीवर सोडवला.

मॅच आपण हरलो. 'आपण' म्हणतेय, हसू नका. दुसऱ्या हाफमध्ये रोमाच्या सूलेनं गोल मारला, 1-0. फेब्रुवारीत या मैदानावरचा अगदी पहिला गोलसुद्धा विगनच्या पोरानं मारला होता, म्हणजे दोन्ही वेळा उद्घाटन पाहुण्यांच्या हातून. आजोबा म्हणाले, यजमान असावेत तर असे. खेळ म्हणाल तर अजून अंगात सीझन आलेला नाही. सारखी माणसं बदलत होते, बॉल पुढं जायचा आणि तिथं घ्यायला कोणी नसायचं. 24 तारखेला ब्रायटनबरोबर इथली पहिली लीगची मॅच आहे, तेव्हा कळेल.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुम्हाला माहीत आहे, माझी खोली गुडिसनच्या मागच्या गल्लीत आहे. भाडं कमी म्हणून घेतली, फुटबॉल आपोआप गळ्यात पडला. 1892 पासून मॅच त्या गल्लीत होती. मैदानाच्या कोपऱ्याला चर्च चिकटलेलं, समोर पब, आणि मॅचच्या दिवशी प्रत्येक उंबरा काही ना काही विकायला बसलेला. माझ्या घरमालकीणबाई मागच्या अंगणात दोन गाड्या लावू द्यायच्या, त्यावर त्यांचा ख्रिसमस निघायचा. मे महिन्यात साउदॅम्प्टनबरोबर शेवटची मॅच झाली. शनिवारी दुपारी मी घरातून निघाले तर गल्लीत नुसती मांजरं. सगळे निळे शर्ट नदीकडं. जेमतेम तीन किलोमीटरचं अंतर, पण त्या चिप्सवाल्याला ते परवडणारं नाही. शाहू स्टेडियम उद्या उचलून हायवेला नेलं तर मॅच होईलच की, पण मॅचनंतर पेठेत जे होतं ते कुठं होणार?

गुडिसन पाडायचंच ठरलं होतं. मग मे महिन्यात क्लबनं जाहीर केलं की ते आता महिला संघाचं घरचं मैदान. सप्टेंबरपासून तिथं बायकांच्या मॅच. घरमालकीणबाईंनी अंगणाचा बोर्ड पुसून परत लावलाय, दर मात्र निम्मा.

आई, आठवतं? पाचवीपर्यंत बाबा मला सायकलवर पुढं बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. मग तू एके दिवशी म्हणालीस, आता पुरे, पोरीची जात आहे, तिथं सगळे बाप्ये. चूक नव्हतं तुझं. बायका-मुली तिथं बोटावर मोजण्याइतक्या असायच्या. शनिवारी मात्र मी एकटी गेले, एकटी बसले, घसा बसेपर्यंत ओरडले, कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सुटल्यावर स्टेशनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा नदीकाठच्या रस्त्यानं चालतच शहरात आले. ऑगस्ट असून वाऱ्यानं कान गार पडले. हो, स्वेटर होता.

तेव्हा पुढच्या वसंतात तुम्ही दोघं यायचं. आधी गुडिसनला बायकांची मॅच, ती आईबरोबर. तिथं जुन्या चालीप्रमाणं एव्हर्टनच्या गोळ्या वाटतात का ते मी चौकशी करून ठेवते. या क्लबला 'टॉफीज' म्हणतात ते उगीच नाही. मग बाबांना नवं मैदान. तिकिटाचं मी बघते, माझ्या एका मैत्रिणीच्या घरी सीझन तिकिटं आहेत.

पासपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत, मुदत बघून कळवा. बाबांच्या पासपोर्टची संपत आली असणार. आणि बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढलात की अजून "बघू" चाललंय? खोटं सांगू नका, दादाला विचारणार आहे.

तुमची,
मनू