पंचगंगेसाठी उन्हाच्या भरवशावर बसू नका, मेम्ब्रेन आत्ता लावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पंचगंगेचं काळं पाणी, मेलेले मासे, जलपर्णी, हे सगळं तुम्ही सातत्यानं छापता त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण हल्ली जिथे तिथे ऐकायला मिळतंय की आता नॅनो टेक्नॉलॉजी आली, फोटोकॅटॅलिसिस आलं, नुसत्या उन्हात कापड कारखान्यांतून नदीत येणारं रंगाचं पाणी साफ होणार आणि प्रश्न मिटणार. मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसच्या (कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लँटवर, बरीच वर्षं काम केलंय त्यामुळे हे ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

फोटोकॅटॅलिसिस खोटं आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. टायटॅनियम डायऑक्साईड म्हणजे पांढऱ्या पेंटमध्ये असते ती पावडर, तिच्यावर अल्ट्राव्हायोलेट पडलं की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्याच्याशी झटकन प्रतिक्रिया करणारे कण) तयार होतात आणि ते रंगाचे रेणू तोडतात. याची सुरुवात 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांच्या कामातून झाली, म्हणजे याला पन्नास वर्षं होऊन गेली. मग एवढ्या वर्षांत आपल्या नाल्यावर का नाही आलं? कारण लॅबमधल्या बीकरमध्ये स्वच्छ पाणी आणि त्यात चिमूटभर रंग असतो, आणि आमच्या टाकीत येतं ते पाणी इतकं गडद असतं की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. उजेड आत शिरणारच कुठून? त्यात सूर्यप्रकाशात अल्ट्राव्हायोलेट जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय कॉटनला रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायचा म्हणजे मीठ भरपूर लागतं, सोडा लागतो, आणि त्यातून येणारे क्लोराईड आणि बायकार्बोनेट त्या रॅडिकलना रंगापर्यंत पोचायच्या आतच खाऊन टाकतात. आणि समजा झालं सगळं, तरी ती बारीक पावडर पाण्यातून परत काढायची कशी, ती खाली बसतच नाही, त्यासाठी शेवटी मेम्ब्रेनच, म्हणजे अतिबारीक छिद्रांचा गाळणारा पडदा, लावावा लागतो.

अजून एक गोष्ट लोकांना सांगायला पाहिजे, रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं असं नसतं. रेणूचा अ‍ॅझो बाँड (ज्यामुळे रंग दिसतो तो जोड) तुटला की डोळ्याला पाणी पांढरं दिसतं पण त्याचे तुकडे पाण्यातच असतात, सीओडी (पाण्यात अजून किती घाण आहे त्याचं माप) मागून हळूहळू उतरतो. मीठ तर तसूभरही कमी होत नाही, आणि तेच मीठ खाली शिरोळकडच्या शेतात जातंय. त्यामुळे बाटलीत पांढरं पाणी दाखवून कोणी फोटो काढला तर कृपा करून त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि सीओडी किती ते विचारा आणि मगच छापा.

आता मेम्ब्रेन. अल्ट्राफिल्ट्रेशननं गाळ आणि बॅक्टेरिया अडतात, नॅनोफिल्ट्रेशनला रंग बऱ्यापैकी अडतो आणि साधं मीठ बरंचसं पुढे जातं (म्हणजे ते मिठाचं पाणी परत डाईंगला वापरता येतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!), आणि आरओला मीठसुद्धा अडतं. हे सगळं बाजारात मिळतं, चालवणारी माणसं आहेत. तामिळनाडूत तिरुपूरला जाऊन बघा. नोय्यल नदीची तिथे आपल्यापेक्षा वाईट अवस्था झाली होती, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास हायकोर्टानं डाईंग युनिट बंद करायला लावली. गाव हादरलं, पण त्यातूनच आरओ आणि पुढे इव्हॅपोरेटर (पाणी उकळून मीठ वेगळं काढणारं यंत्र) लावून पाणी परत वापरायची पद्धत तिथे रुळली, मिठाचं पाणीसुद्धा परत डाईंगला जायला लागलं. सगळं छान आहे असंही नाही, इव्हॅपोरेटरला वाफ प्रचंड लागते आणि शेवटी उरणाऱ्या मिश्र मिठाचं करायचं काय हा प्रश्न तिथेही आहे. पण धंदा चालू राहिला, पाणीही वाचलं.

आपल्याकडे मेम्ब्रेन बसवले आणि बंद पडले असं ऐकू येतं, ते का हे मी डोळ्यानं बघितलंय. सायझिंगचा, म्हणजे सुताला लावलेल्या खळीचा, स्टार्च आणि पीव्हीए धुऊन निघालेलं पाणी वेगळं न काढता सगळं एकाच टाकीत सोडतात. मग कार्ट्रिज फिल्टर काढला की त्यावर बोटभर चिकट थर आणि कापसाचा लिंट, आतल्या प्रेशरचा काटा रोज थोडा थोडा वर चढतो, पाणी कमी कमी यायला लागतं, सायट्रिक अ‍ॅसिड आणि कॉस्टिकनं धुतलं की दोन दिवस बरं आणि परत तेच. मी होतो त्या एका युनिटमध्ये मालकाला वाटलं की मेम्ब्रेनच खराब निघाला, आणि पाणी मेम्ब्रेनला टाळून सोडायचा बायपासचा व्हॉल्व्ह उघडला गेला. खरा दोष मेम्ब्रेनच्या आधीच्या ट्रीटमेंटचा होता. डिसायझिंगचं (खळ धुतल्याचं) पाणी वेगळं, गडद रंगाचं वेगळं, शेवटच्या धुण्याचं हलकं पाणी वेगळं एवढं जरी पाईपलाईनमध्ये केलं तरी त्या हलक्या पाण्यावर मेम्ब्रेन निवांत चालतो. आणि हो, फोटोकॅटॅलिसिसला पण इथेच जागा आहे, मेम्ब्रेनच्या आधीच्या गढूळ पाण्यात नाही तर शेवटी थोडा रंग किंवा न सडणारं केमिकल राहिलं तर तेवढ्यापुरतं. तेही पॉलिमरच्या मेम्ब्रेनवर थेट लेप देऊन करायचं तर जपून, कारण ते रॅडिकल मेम्ब्रेनलाही सोडत नाहीत. सिरॅमिकवर होईल, पण ते महाग. यावर संशोधन चालू राहायलाच पाहिजे, आमचा नालाच त्यासाठी द्या, बीकर नको.

साहेब, दूषित पाण्यानं आलेली 2012 ची काविळीची साथ हे गाव विसरलेलं नाही. प्यायच्या पाण्यासाठी आपण त्याच्या आधीच मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं होतं, मग वारणा मागितली तर दानोळीकरांनी विरोध केला, मग दूधगंगेची सुळकूड योजना आली तर कागलकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला तरी म्हणवत नाही, स्वतःच्या दारची नदी काळी करून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगायचा हे त्यांना पटणार कसं? डाईंगला एकदा वापरलेलं पाणी परत वापरात आलं तर तेवढी मागणी कमी होईल, आणि बोलणीला बसताना आपली बाजूही मजबूत होईल.

म्हणून तुमच्या पेपरला विनंती आहे की एक साधी मोहीम चालवा. प्रत्येक प्रोसेस हाऊसनं आणि सामायिक प्लँटनं रोज किती पाणी आत घेतलं, मेम्ब्रेनमधून किती परत वापरलं, रिजेक्ट (मेम्ब्रेननं अडवून मागे ठेवलेलं घाण पाणी) किती निघालं आणि ते नेमकं कुठे गेलं, या चार गोष्टी गेटवर बोर्डावर लिहाव्यात आणि तुम्ही आठवड्यातून एकदा त्या छापाव्यात. रिजेक्टचा आकडा मुद्दाम विचारा, कारण पावसाळ्यात रात्री नाल्याला जातं ते तेच असतं.

आपला नेहमीचा वाचक,
इचलकरंजी