शालीचा तक्ता आणि १९वी ओळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या पुरवणीत ट्युनिशियन मोझेक क्रोशाच्या त्रिकोणी शालीवर लेख आला होता. सोबत शालीचा फोटो आणि चौकोनांचा तक्ता (एक चौकोन म्हणजे एक टाका) छापला होता. त्या तक्त्याच्या १९व्या ओळीत चूक आहे. ती दुरुस्त करून पुन्हा छापावी, एवढी विनंती करायला हे पत्र लिहायला घेतलं. ते लांबणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण नुसती 'चूक झाली' असं कळवून भागणार नाही. ज्यांनी त्या तक्त्यापायी पुन्हा पुन्हा उसवलं त्यांना ती चूक कुठे आणि का, हे कळायला हवं.

मी ३१ वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली. सगळा जन्म चौकोनी कागदावर रेघा मारण्यात गेला. क्रोशा मी निवृत्तीनंतर थोरल्या बहिणीकडून शिकलो. ताई आज ७४ वर्षांची आहे. साखळी, मुका खांब, खांब ही टाक्यांची नावं मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत आलो. ट्युनिशियनची लांब आकडी आमच्याकडे आली ती मात्र चार वर्षांपूर्वी, आणि ती आम्ही दोघं एकदमच शिकलो.

आपला लेख वाचला त्याच दुपारी ताईनं गडद निळी आणि मोतिया लोकर काढली. १८ ओळी सुरेख झाल्या. १९वीत नक्षी मोडली. तिनं उसवलं, पुन्हा केलं, पुन्हा तिथेच मोडली. तिसऱ्यांदा उसवल्यावर तिनं सगळं पिशवीत भरलं आणि म्हणाली, "आता डोळे साथ देत नाहीत रे. मोजताना चुकत असणार मी. हे काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही." साठ वर्षं विणणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकलं आणि त्या रात्री मी तक्ता घेऊन बसलो.

ज्यांनी ही वीण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या क्रोशात आकडीवर एकच टाका उरतो. ट्युनिशियनमध्ये तसं नाही. उजवीकडून डावीकडे जाताना खालच्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या समोर दिसणाऱ्या उभ्या दांडीत आकडी घालून धागा ओढायचा आणि तो नवा टाका आकडीवरच ठेवायचा. म्हणून आकडी लांब असते आणि तिच्या शेवटी बोंड असतं. मोठ्या शालीला तर मागे लवचीक वायर जोडलेली आकडीच लागते. डावं टोक आलं की परत फिरायचं. आधी एक साखळी घालायची, मग धागा घेऊन दोन-दोन लूपमधून ओढत सगळे टाके मोकळे करत यायचं. जाणं आणि येणं मिळून एक ओळ. काम कधीच उलटवायचं नाही, सुलट बाजू कायम आपल्यासमोर राहते. नाव ट्युनिशियाचं असलं तरी १९व्या शतकाच्या मध्याला ही वीण युरोपातल्या विणकामाच्या पुस्तकांत छापलेली दिसते.

आता मोझेक. यात दोन रंग असतात, पण एका ओळीत हातात धागा एकाच रंगाचा. एक ओळ निळी, पुढची मोतिया, परत निळी. मग नक्षी कुठून येते? निळ्या ओळीत जिथे मोतिया रंग दिसायला हवा तिथे टाक्याच्या उभ्या दांडीत आकडी घालायची आणि ती दांडी तशीच आकडीवर घ्यायची, धागा ओढायचा नाही. खालच्या ओळीचा मोतिया टाका अशा रीतीनं वर चढतो, निळा धागा त्याच्या मागून जातो. परतीला तो बाकीच्या टाक्यांसारखाच मोकळा होतो. शिकायला मला जेमतेम अर्धा तास लागला असेल. पाहणाऱ्याला मात्र दोन धागे एकदम चालवल्यासारखं वाटतं, आणि ही गंमत मला अजून जुनी झालेली नाही. शिवाय प्रत्येक ओळ उजव्या कडेलाच येऊन संपते, त्यामुळे दोन्ही गुंडे तिथेच पडून राहतात आणि धागा कापावा लागत नाही. एरवी एकाच बाजूनं केलेल्या मोझेक क्रोशात दर ओळीला धागा तोडावा लागतो आणि दोन्ही कडांना शेपट्यांची झालर लोंबते. त्रिकोणी शालीत तो त्रास वाचतो, हे या प्रकाराचं मोठं सुख आहे. रंग बदलायचा तो परतीच्या अगदी शेवटी, आकडीवर दोन लूप उरले असताना. तिथे जुना धागा सोडून नव्यानं शेवटचा ओढ घ्यायचा, म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला टाका नव्या रंगाचा येतो. लेखात हे सांगायचं राहून गेलं आहे.

या पद्धतीतून एक नियम आपोआप निघतो. निळ्या ओळीत मोतिया चौकोन दाखवायचा असेल तर त्याच्या बरोबर खालचा चौकोन मोतिया असलाच पाहिजे. कारण उचलायला टाका तोच असतो, वेगळा कुठून आणणार? मोतिया ओळीतही हेच, फक्त रंग उलटे. कुठलाही मोझेक तक्ता खरा की खोटा हे लोकर हातात न घेता या एका नियमानं तपासता येतं.

मी आपला तक्ता मोठ्या चौकोनी कागदावर उतरवला आणि खालून वर, उजवीकडून डावीकडे एकेक चौकोन पाहत गेलो. १८व्या ओळीपर्यंत सगळं बरोबर. १९वी ओळ निळी, तिच्यात उजवीकडून सातवा आणि आठवा चौकोन मोतिया. खाली १८व्या ओळीत पाहिलं तर ते दोन्ही चौकोन निळे, म्हणजे १७व्या ओळीचे निळे टाके वर चढवलेले. मोतिया टाका त्या जागी नाहीच! ताईनं तिसऱ्यांदा करो की तेराव्यांदा, तिथे मोतिया रंग येणं शक्य नव्हतं. ते दोन चौकोन नवव्या आणि दहाव्या जागी सरकवले की नियम पाळला जातो आणि वरची नक्षीही जुळते. छापताना ओळ दोन घरं सरकली असावी. मी सकाळी कागद ताईपुढे ठेवला. तिनं बोटानं दोन्ही ओळी मोजल्या, परत मोजल्या, आणि काही न बोलता पिशवी उघडली.

आमच्या शेजारच्या वहिनींनाही याच लेखाचा फटका बसला, पण वेगळ्या जागी. लेखात लिहिलं आहे की अर्ध्या ओळी झाल्या की अर्धी लोकर संपलेली असते. आयताकृती मफलरला हे लागू आहे, त्रिकोणाला नाही. या शालीत दर ओळीला डाव्या कडेला एक टाका वाढतो. पहिली ओळ एका टाक्याची धरली तर १५०वी ओळ १५० टाक्यांची, आणि एकूण टाके होतात ११,३२५. पहिल्या ७५ ओळींत त्यातले फक्त २,८५०, म्हणजे चौथा हिस्सा. निम्मे टाके व्हायला १०६व्या ओळीपर्यंत जावं लागतं. वहिनींनी ७५ ओळींना लोकर वजन करून पाहिली, ६५ ग्रॅम भरली. लेखावर विश्वास ठेवून त्यांनी १३० ग्रॅमचा हिशेब केला आणि उरलेले गुंडे दुसऱ्या कुणाला देऊन टाकले. शाल २६० ग्रॅमच्या आसपास जाते. पुन्हा आणलेली लोकर दुसऱ्या रंगाई लॉटची, म्हणजे वेगळ्या खेपेला रंगवलेली निघाली. उन्हात धरली की शालीच्या वरच्या भागात निळा रंग किंचित हिरवट दिसतो. त्यांनी ती शाल कुणाला भेट द्यायची ठरवली होती, ती आता घरीच वापरणार म्हणतात.

म्हणून त्रिकोणी शाल करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सगळी लोकर एकाच लॉटची आणि एकदमच घ्या, आणि तराजू जवळ ठेवा. हातातली लोकर निम्मी झाली म्हणजे ओळी सत्तर टक्क्यांवर आल्या, हे त्रिकोणाचं गणित आहे. मग शाल कुठे थांबवायची ते आपल्या हातात राहतं.

त्रिकोण आणि नक्षी यांचा मेळ कसा बसतो, हेही लेखात यायला हवं होतं. माझ्या मते या शालीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. नक्षीचा एक तुकडा ८ टाके रुंद आणि ८ ओळी उंच असेल, आणि दर ओळीला एक टाका वाढत असेल, तर ८ ओळींनंतर बरोबर एक नवा तुकडा बसायला जागा तयार होते. तोवर वाढलेले टाके साधेच करायचे. वाढ डाव्या कडेला असल्यामुळे उजवीकडून केलेली मोजणी कधी बिघडत नाही. कुणाला आपल्या मनाची नक्षी काढायची असेल तर तुकड्याची रुंदी आणि तेवढ्या उंचीत वाढणारे टाके सारखे ठेवा, बाकी हवं तसं खेळा. मी आतापर्यंत अशा पाच नक्ष्या कागदावर काढल्या आणि दोन विणून पाहिल्या.

फोटोबद्दलही लिहायला हवं. फोटोतली शाल मी भिंगाखाली पाहिली. ती टाके उचलून केलेली नाही. तिथे ओळीतले सगळे टाके घेतलेले आहेत, आणि नक्षीच्या जागी दोन ओळी खाली, आपल्याच रंगाच्या टाक्यात आकडी घालून लांब टाका वर ओढलेला आहे. तीही मोझेकचीच रीत आहे आणि देखणी आहे. पण तिचं कापड जाड होतं, नक्षी उठावदार येते. उचललेल्या टाक्यांचं कापड त्यापेक्षा सपाट राहतं. कृती एका रीतीची आणि फोटो दुसऱ्या रीतीचा, म्हणजे करणारी बाई आपलं काम फोटोशी ताडून पाहते आणि आपलंच काहीतरी बिनसलं असं समजते. ताईचं तेच झालं होतं, १९व्या ओळीच्याही आधी.

तसंच कापड गुंडाळण्याचं. ट्युनिशियनची साधी वीण खालच्या कडेनं गुंडाळत जाते, कारण धाग्याचा बराच भाग मागच्या बाजूला साठतो. नवशिक्यांना याची भीती वाटते. लोकरीच्या पट्टीवर सांगितलेल्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर जाड आकडी घेतली, कडेचे तीन टाके उलटे (धागा पुढे घेऊन केलेले) ठेवले आणि शेवटी शाल कोमट पाण्यात भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की ती शांत बसते. गडद रंगाची लोकर असेल तर आधी तिचा हातभर धागा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. रंग सोडत असेल तर मोतिया बाजू वाचणार नाही. आणि माप घ्यायला आधी करतो तो छोटा तुकडा साध्या विणीत करू नका, मोझेकमध्येच करा. उचललेले टाके ओळी जवळ ओढतात, त्यामुळे उंचीचं माप बदलतं.

संपादक महोदय, यापुढे असे नमुने छापताना ते आधी कुणीतरी छापील कागदावरूनच करून पाहिलेले असावेत, ही कळकळीची विनंती. नमुना रचणाऱ्याच्या वहीवरून केलेलं चालणार नाही, कारण चूक वही आणि छपाई यांच्या मध्ये शिरते. तक्त्याच्या उजव्या कडेला एक जादा रकाना द्या, त्यात ती ओळ कुठल्या रंगाची हे दाखवा. ओळींना क्रमांक द्या. आपल्या तक्त्यात चौकोन इतके बारीक होते की ताईला दोन चष्मे लावावे लागले. रंगीत पानासाठी थांबायची गरज नाही. मोझेकला दोनच छटा लागतात, काळी आणि पांढरी, आणि त्या वर्तमानपत्राच्या कुठल्याही पानावर स्पष्ट उमटतात. जागा कमी असेल तर फोटो लहान करा, तक्ता मोठा ठेवा. हवं असेल तर दुरुस्त तक्ता मी शाईनं काढून पाठवतो, त्याचा मोबदला नको.

विणकामाचा लेख लोक वाचून बाजूला टाकत नाहीत. तो कापून ठेवतात, डब्यात घालतात, दुसरीला देतात. आमच्या ताईच्या डब्यात चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीची कात्रणं आहेत. हा लेखही असाच कुठेकुठे जपून ठेवला गेला असेल, १९व्या ओळीसकट. म्हणून दुरुस्ती कोपऱ्यात दोन ओळींत न देता पूर्ण तक्ता पुन्हा छापावा, म्हणजे जुनं कात्रण काढून नवं त्या जागी ठेवता येईल.

ताईची शाल आज १३२व्या ओळीवर आहे. अजून २,५४७ टाके बाकी आहेत, मग किनार.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त आरेखक