माळेने कावीळ उतरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचवटीत आमच्या शेजारच्या वहिनींना सातव्या महिन्यात कावीळ झाली. घरच्यांनी गळ्यात माळ घातली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले. पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली, असा समज. त्यात आठ दिवस गेले. रक्त तपासले तेव्हा 'हिपॅटायटिस ई' (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) निघाला. गरोदरपणात हा जिवावर बेततो. वहिनी वाचल्या, बाळ गेले.

कावीळ हे लक्षण आहे, दुखणे यकृताचे. हिपॅटायटिसचे ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्या-अन्नातून येतात आणि बहुतेकांत आपोआप बरे होतात. म्हणून माळेला श्रेय मिळते. बी आणि सी रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला जातात आणि वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतात. (डी फक्त बी असलेल्यालाच होतो.) बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळायलाच हवी. सीवर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो. २०१८ पासून हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हते.

सिंहस्थात रामकुंडावर लाखो भाविक ओंजळभर गोदाजल तोंडात घेतील. गटारीचे पाणी नदीत जाणे थांबवावे, फुटक्या जलवाहिन्या त्याआधी बदलाव्यात आणि घाटावर शुद्ध पाण्याचे नळ द्यावेत, ही प्रशासनाला कळकळीची विनंती.

- एक वाचक, पंचवटी, नाशिक