क्वाडच्या स्पीकरला कोणता अ‍ॅम्प? एका काकांना आभाराचं पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

केंब्रिजच्या आमच्या घरात क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आता रोज संध्याकाळी लागतात, आणि ते नीट वाजतात ते तुमच्यामुळे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. लिहायचं आणखी एक कारण आहे. स्पीकर चालवायला अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा घेऊ की ट्रान्झिस्टरचा, हे आपली इथली मंडळी हल्ली मला विचारतात. मी त्यांना जे सांगते ते तुमच्याकडून शिकलेलं आहे, हे त्यांनाही कळू दे.

क्वाडच्या पीटर वॉकर यांनी हा स्पीकर इथून जवळच, हंटिंग्डनला बनवला. तो १९५७ साली बाजारात आला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. मला जोडी मिळाली तेव्हा समोर दोन अ‍ॅम्प होते. एक, दुरुस्त करून विकायला ठेवलेली क्वाड टूची व्हॉल्व्हवाली जोडी. दुसरा, १०० वॉटचा नवा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प. ज्याला विचारावं त्याचं मत आधीपासून पक्कं. कुणी म्हणे इलेक्ट्रोस्टॅटिकला व्हॉल्व्हच हवेत, कुणी म्हणे व्हॉल्व्ह आता शोकेसमध्ये ठेवायचे. तुम्ही मात्र उलट मलाच विचारलंत, ‘५७ आहेत की ६३? खोली केवढी? ऐकतेस काय?’ (१९५७ चं हे मॉडेल म्हणजे ५७; ६३ हे त्याच्या नंतरचं.)

५७ म्हटल्यावर तुम्ही वहीच्या कोपऱ्यात ३३ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केलात. या स्पीकरला शिखराला, म्हणजे लाट सर्वांत वर जाते तिथे, जास्तीत जास्त ३३ व्होल्ट चालतात. त्याच्या वर गेलं की ट्रेबलच्या (वरच्या सुरांच्या) पॅनेलमध्ये ठिणगी पडून आतल्या पातळ पडद्याला भोक पडायची भीती. मग खाली गणित मांडलंत. क्वाड टू १५ वॉटचा, म्हणजे १६ ओहमवर साधारण साडेपंधरा व्होल्ट, शिखराला २२. शंभर वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमवर २८ व्होल्ट देतो, शिखराला ४०. ‘वॉट विसर, व्होल्ट बघ,’ असं म्हणून तुम्ही चहा घ्यायला उठलात. माझा शंभर वॉटचा विचार तिथेच संपला. ते वहीचं पान अजून माझ्याकडे आहे.

दुसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला आणि तुम्ही तो दिलात. या स्पीकरमध्ये कोन नाही, कॉइल नाही. भोकं असलेल्या दोन स्थिर प्लेटा आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षा कितीतरी पातळ प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा. पडद्यावर कायमचा विद्युतभार: बेसच्या पॅनेलला सुमारे ६,००० व्होल्ट, ट्रेबलला १,५००. अ‍ॅम्पमधून आलेला सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून प्लेटांना दिला जातो. म्हणजे अ‍ॅम्पच्या नजरेने हा स्पीकर बराचसा एक मोठा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) आहे. खालच्या सुरांत त्याचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) ३० ओहमच्याही वर असतो आणि सूर चढेल तसा उतरत जाऊन अगदी वर, १८-२० किलोहर्ट्‌झकडे, २ ओहमच्या आसपास येतो. पेट्यांमधल्या नेहमीच्या स्पीकरवर उत्तम वाजणारा अ‍ॅम्प इथे का बिचकतो, ते तुम्ही काढलेला तो एकच उतरता आलेख पाहून कळलं.

आणि नुसता आलेख काढून तुम्ही थांबला नाहीत. ८ ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, असा खोटा स्पीकर टेबलावर जोडलात आणि एका मित्राकडून आणलेल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून १० किलोहर्ट्‌झची चौकोनी लहर सोडलीत. नुसत्या रेझिस्टरवर ऑसिलोस्कोपच्या (लहर रेखाटून दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर कोपरे काटकोनात होते. कपॅसिटर लावल्याबरोबर प्रत्येक कोपऱ्यावर थरथर उमटली, पाच-सहा लाटा घेऊन विरली, पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा. भरपूर फीडबॅक दिलेल्या (आउटपुटचा काही भाग परत इनपुटला जोडलेल्या) अ‍ॅम्पला कपॅसिटरसारखा भार, म्हणजे असा जोडलेला स्पीकर, अस्थिर करू शकतो हे मी वाचलं होतं. ते डोळ्यांनी दिसलं तेव्हा पटलं. तुम्ही हाताने हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) चाचपलात आणि मलाही चाचपायला लावलंत. आवाज काहीच नाही, तरी तो तापत होता.

व्हॉल्व्हची बाजूही तुम्ही तितक्याच आपुलकीने मांडलीत. व्हॉल्व्ह मुळातच जास्त व्होल्टेज आणि कमी करंटवर चालतो, आणि इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याला हवं असतं तेच. तरी आपण अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवतो आणि स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरने पुन्हा चढवतो! अमेरिकेत अ‍ॅकूस्टॅटने सत्तरच्या दशकात हे दोन्ही ट्रान्सफॉर्मर काढून व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प थेट पॅनेलला जोडला, ते सांगताना तुमचा चेहरा खुलला होता. सगळ्यांना परवडणारी वाट नाही ती, पण विचार सुंदर आहे.

अडचण येते ती आउटपुट इम्पीडन्सची. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पीडन्स दीड ओहम धरला, तर १६ ओहमच्या भारावर पाऊण-एक डेसिबल जातो, तिकडे लक्षही जात नाही. पण भार २ ओहमवर आला, आणि तो निव्वळ रेझिस्टरसारखा धरला, तर जवळजवळ पाच डेसिबल जातात. म्हणजे अगदी वरचे सूर मागे सरतात. ज्याला लोक व्हॉल्व्हची ऊब म्हणतात तिच्यातला काही वाटा या साध्या भागाकाराचा आहे. काहींना तो आवडतो, आणि काचा-टाइल्सच्या खणखणीत खोलीत तो उपयोगीही पडतो, हे तुम्हीच बजावलंत.

मग ऐकणं. तुम्ही निवडलीत कुमारजींची एलपी, आणि म्हणालात, ‘गाण्याकडे नंतर बघ, आधी तानपुरा ऐक.’ जवारीचा जो झणत्कार आहे तो वरच्या स्वरांशांत राहतो, म्हणजे जिथे स्पीकरचा इम्पीडन्स घसरतो त्याच दिशेला. तुमच्या क्वाड टूवर तानपुरा भरीव आणि गोल होता, गळ्यामागे नीट बसलेला. तुमच्या जुन्या ३०३ या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर तोच तानपुरा थोडा पुढे आला, तारा सुट्या झाल्या, षड्ज छेडल्यावर त्यातून उमलणारा गंधार स्पष्ट ऐकू आला. वाईट दोन्हींतलं काहीच नव्हतं. पण जड पडदे आणि पुस्तकांनी भरलेल्या माझ्या खोलीत वरचे सूर आधीच शोषले जातात. त्यात आणखी घट मला नको होती.

म्हणून ३०३. वॉकर यांच्याच कारखान्याचा, १९६७ चा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, ४५ वॉट. याचा रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) सप्लाय सुमारे ६७ व्होल्टचा आणि आउटपुटला कपॅसिटर, त्यामुळे स्पीकरकडे एका बाजूला जेमतेम निम्मे जाऊ शकतात. म्हणजे ३३ व्होल्टची मर्यादा तो आपोआपच सांभाळतो. शिवाय त्या कपॅसिटरमुळे स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) शिरत नाही. आउटपुट कपॅसिटर म्हटलं की नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. या स्पीकरसाठी मला तो वरदान वाटतो.

३०३ चे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना तुम्ही सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलंत आणि स्वतः शेजारी बसून राहिलात. स्पीकरचं मागचं झाकण मात्र मला उघडू दिलं नाहीत. प्लग काढल्यावरही आतलं हाय व्होल्टेज बराच वेळ टिकून असतं, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, आणि तो चढला याबद्दलही आभार. काकूंनी त्या दिवशी केलेली भरली वांगी आमच्याकडे अजून निघतात बोलण्यात.

आता एक विनंती. लेस्टरच्या एका मुलाने ६३ घेतले आहेत आणि त्याच्याकडे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे. ६३ मध्ये संरक्षण आतच आहे, ठिणगीची चाहूल लागली की तो स्वतःचं इनपुटच शॉर्ट करतो, एवढं मी त्याला सांगितलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला शॉर्टपेक्षा उघडी टोकं जास्त घातक, हेही. पण त्याच्या अ‍ॅम्पला कोणता टॅप (ट्रान्सफॉर्मरचं कोणत्या ओहमचं टोक) लावायचा हे मोजल्याशिवाय सांगणं मला धाडसाचं वाटतं. पुढच्या शनिवारी त्याला अ‍ॅम्पसकट तुमच्याकडे घेऊन येऊ का? ऑसिलोस्कोप मी उचलून ठेवीन, तुम्ही कंबरेला त्रास देऊ नका.

तुमची,
केंब्रिजची मुलगी