शुभाला पत्र : बाटल्या उघडण्याआधी

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय शुभा,

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी झोपण्याआधी चार वेळा मोठा करून पाहिला. तुझ्या लेकीच्या, ऋताच्या, अभ्यासाच्या टेबलावर सहा बाटल्या, दोन डबे आणि प्रोटीन पावडरचा एक पुडा ओळीने मांडलेला. तिला सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडवणारा आजार, असल्याचं निदान होऊन अकरा दिवस झाले आणि एवढं सगळं घरात आलं. मला भरूनच आलं, कारण सात वर्षांपूर्वी माझ्या ओट्यावर अशीच ओळ लागली होती. तुझी तगमग मला आतून कळते. तरी ऐक, डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेली लोहाची गोळी सोडून त्यातलं काहीही हे पत्र वाचून होईपर्यंत उघडू नकोस.

माझं तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगते. निदानाआधी चार वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते. हिमोग्लोबिन ७.६ वरून ८ वर जायचं आणि परत खाली यायचं. दर वेळी गोळी बदलली जायची. 'पालेभाज्या खा, खजूर खा' हे तर शेजारीपाजारीही सांगत. लोह पोटात जात होतं, अंगी लागत नव्हतं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या घेऊनही लोह चढत का नाही याचा कुणी शोध घेतला का? मग टीटीजीची, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी, एंडोस्कोपी, आणि एका आठवड्यात नाव कळलं, सीलिअ‍ॅक.

तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, तेच तुला शब्दांत सांगते. लहान आतड्याच्या आत मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. माझ्या आणि ऋतासारख्यांच्या शरीरात गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आपलीच प्रतिकारशक्ती त्या लवेवर उलटते आणि ती सपाट होते. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि मार सगळ्यांत जास्त तिथेच बसतो. म्हणून पुष्कळांची पहिली तक्रार रक्त कमी असण्याची असते. त्याच्या जोडीला फोलेट, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, झिंक. बी-१२ मात्र लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, ते कुणाचं कमी असतं, कुणाचं नसतं. तुम्ही शाकाहारी आहात, त्यामुळे ऋताचं ते तपासायलाच हवं.

यातलं एक फार महत्त्वाचं. बी-१२ न तपासता नुसतं फोलेट, म्हणजे गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं नाही. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ च्या कमतरतेने नसांना होणारी इजा आतल्या आत चालू राहते. तुझ्या फोटोतली डावीकडून दुसरी बाटली ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडचीच आहे.

आता गिरणीचं सांगते, कारण माझी सहा महिने फसगत झाली ती तिथे. गहू बंद केला, पाव बंद केला, मामलेदारची मिसळ नुसत्या शेवेवर खायचं मनावर दगड ठेवून तेही सोडलं. रोज ज्वारीची भाकरी. तरी सहा महिन्यांनी टीटीजी पाहिजे तसं उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, दळण कुठून आणता? आमच्या गल्लीतल्या गिरणीत आधी कुणाचे गहू, मग माझी ज्वारी. ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर पदार्थाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं, आणि गिरणीच्या जात्यात चिकटलेलं गव्हाचं पीठच ती रेघ सहज ओलांडून जातं. गिरणीवाले काका भले माणूस, म्हणाले ताई, सकाळी पहिलं दळण तुमचं काढतो. पण रात्रीचं पीठ जात्यात असतंच. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा आजवर टाकलेला नाही. पुढच्या तपासणीत आकडा निम्म्याच्या खाली आला. शुभा, तू त्या ओळीवर जेवढे पैसे घातलेस त्यात आणखी थोडे घातले असतेस तर घरघंटी आली असती. दुखावण्यासाठी नाही लिहीत. आतड्याला रोज ग्लुटेन लागत राहिलं तर वरून कितीही महाग गोळी घाल, फुटक्या हंड्यात पाणी ओतल्यासारखंच होतं.

हिंगाची डबीही बघ. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात डिंकाबरोबर मैदा मिसळलेला असतो. तांदळाचं पीठ घातलेलाही मिळतो, मी जांभळी नाक्यावरून तो शोधून आणते. रोजच्या आमटीत चिमूटभर, म्हणून आपलं लक्षच जात नाही.

आता तुझ्या फोटोतल्या डब्यांकडे येते. ती हिरवी पावडर परत कर. तिच्या मागे बारीक अक्षरात गव्हांकुर आणि जवाची पाती लिहिलेली आहेत. मलाही एका मैत्रिणीने प्रेमाने गव्हांकुराचा रस आणून दिला होता, 'रक्त वाढतं' म्हणून. नुसत्या कोवळ्या पात्यात ग्लुटेन नसतं असं म्हणतात, पण काढताना, वाळवताना एखादा दाणा त्यात आलाच तर? आपल्या मुलीवर तो जुगार का खेळायचा? दुसरा डबा माल्टचा आहे. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवाचाच, तोही नको. माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द दिसला तर मात्र घाबरू नकोस, नाव सारखं असलं तरी ते वेगळं आणि सहसा चालतं. मी पहिल्या वर्षी त्या एका शब्दापायी चांगल्या गोळ्या टाकून दिल्या होत्या. जीवनसत्त्व ई ची कॅप्सूल गव्हाच्या अंकुराच्या तेलाची नाही ना, हेही वाच. 'स्टार्च' एवढंच लिहिलं असेल तर तो मक्याचा की गव्हाचा, हे कंपनीला विचार.

पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक असतो आणि त्यावर गहू किंवा ग्लुटेन असल्यास लिहावं लागतं. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीवर गोळी बांधायला काय वापरलं ते बरेचदा नसतंच. मी सरळ कंपनीला ईमेल करते आणि उत्तर फोनमध्ये जपून ठेवते. एका दुकानात मला 'ताई, गोळीत कुठला गहू असतो' म्हणून हसले होते. मी तिथे जाणं सोडलं.

'ग्लुटेन पचवणाऱ्या' म्हणून त्या ज्या कॅप्सूल आहेत, त्यांच्या भरवशावर ऋताने वर्गातल्या वाढदिवसाचा केक खावा असं तुझ्या मनात असेल, तर नाही. अशा कॅप्सूल पथ्याची जागा घेऊ शकत नाहीत. तिला तोंड पाडून केक बघत बसावं लागेल याचं तुला वाईट वाटतं ते मी समजू शकते. मी तुला राजगिऱ्याच्या पिठाच्या केकची कृती पाठवते, तो तिने सगळ्या वर्गाला वाटावा.

मग द्यायचं काय? आधी तपासणी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, झिंक, आणि थायरॉइडही, कारण हे दोन्ही आजार एकमेकांची सोबत धरतात. जे कमी, तेच द्यायचं, डॉक्टर सांगतील तेवढंच. जास्त झिंक बरेच दिवस घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक असते, ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. केसांसाठीची बायोटिनची बाटली आहे ना, ती चालू असेल तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडेच चुकू शकतात.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर दे, चहा आणि दूध त्या वेळी लांब. कॅल्शियमची गोळी लोहाच्या वेळेला देऊ नकोस. मला डॉक्टरांनी लोह दिवसाआड घ्यायला सांगितलं होतं, पोट कमी बिघडलं आणि फेरिटिन चढलं. ऋताच्या डॉक्टरांना हे विचारून बघ.

तुमच्याकडे तर ताटातच औषध आहे गं. कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, तिच्यात ग्लुटेनचा प्रश्नच नाही, फक्त दळण घरचं हवं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तिच्या वयाला दिवसाला हजाराच्या आसपास लागतं. नाचणी भिजवून मोड आणून सत्त्व केलंस तर ते जास्त अंगी लागतं. दुधाने सध्या पोट फुगत असेल तर महिना-दोन महिने दही-ताकावर राहा. आतड्याची लव वाढली की दूध पचायला लागतं. मुलांचं आतडं मोठ्यांपेक्षा लवकर भरून येतं. मला दोन वर्षं लागली, तिला एवढी लागणार नाहीत असं माझं मन सांगतं.

हॉलंडमध्ये डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पावच मिळेना, आणि सगळी माणसं खंगत असताना त्यांच्या वॉर्डातली ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हावरचा त्यांचा आधीपासूनचा संशय त्यातून पक्का झाला. माझं निदान झालं त्या रात्री मी हे वाचत बसले होते. त्याआधीच्या मुलांच्या आयांना तर आपण काय चुकतोय हेच कळत नव्हतं. आपल्याला निदान नाव तरी कळलंय.

मी उद्या कुरिअरने तांदळाच्या पिठातला हिंग आणि घरघंटीवर दळलेलं एक किलो नाचणीचं पीठ पाठवते आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऋताला घेऊन ये, तलावपाळीवर संध्याकाळी फिरू आणि तिला माझ्या हातची अळूवडी खाऊ घालीन, बेसन घरी दळलेलं.

टीटीजीचा कागद आणि फेरिटिनचा आकडा आजच पाठव. आणि टेबलावरच्या एकेका बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढ, अक्षर वाचता येईल असा.

तुझी,
वसू