जाड पत्र्याने जीव वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जुन्या मोटारींविषयी नुकत्याच आलेल्या मजकुरात 'तेव्हाच्या गाड्या म्हणजे रणगाडा, आताच्या म्हणजे पत्र्याचा डबा' अशा अर्थाचे वाक्य होते. आपल्या भागात गाडी घेताना बोनेटवर बुक्की मारून पाहणारे बरेच आहेत, त्यांना हे वाक्य पटले असणार. म्हणून हे पत्र.

बोनेटचा किंवा दरवाजाचा बाहेरचा पत्रा पूर्वी साधारण १ मिमी असे, आता ०.७ मिमीच्या आसपास असतो, हे खरे. पण तो पत्रा धडक झेलण्यासाठी नसतोच. धडक झेलतात बंपरमागची आडवी पट्टी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब पेट्या आणि बसायच्या जागेभोवतीचा पिंजरा. पुढचा भाग ठरवून चुरगळायचा आणि पिंजरा शाबूत ठेवायचा, ही कल्पना मर्सिडीजमधील अभियंता बेला बारेनी यांची. ती १९५९ च्या मॉडेलपासून प्रत्यक्ष गाडीत आली.

हिशेब सोपा आहे. ताशी ६४ किमी वेगात आतला माणूस सेकंदाला जवळपास १८ मीटर पुढे जात असतो. गाडी चुरगळत आणि बेल्ट ताणला जात तो ६० सेंमी अंतरात थांबला, तर ७० किलोच्या माणसावर सरासरी १,९०० किलोचा भार येतो. ताठ गाडीत, ढिल्या बेल्टने तो २० सेंमीत थांबला, तर तोच भार साडेपाच टनांवर जातो. बोनेट दबले नाही म्हणजे धक्का नाहीसा झाला असे नव्हे, तो बरगड्यांना बसला.

अमेरिकेतील आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मॅलिबू एकमेकींवर आदळवल्या. वजने जवळपास सारखी, वेग प्रत्येकी ताशी ६४ किमी, धडक समोरच्या निम्म्या भागावर. बेल एअरचा पिंजराच कोसळला आणि स्टीअरिंग चाचणीसाठी चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले. मॅलिबूच्या चालकाला फार तर पायाची किरकोळ इजा झाली असती. जुन्या गाडीत इंजिनच नव्हते अशी आवई पुढे उठली. इंजिन होते. २०१६ मध्ये तिथेच मेक्सिकोतील निसान त्सुरू आणि नव्या आराखड्याची निसान वर्सा यांची टक्कर घेतली. त्सुरू होती नवी कोरी, पण आराखडा १९९० च्या सुमाराचा. निकाल तोच. सुरक्षा आराखड्याच्या वयावर असते, गाडीच्या वयावर नाही.

आपल्याकडची अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावर १९५७ च्या सुमारास आली आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. त्या पिढीच्या गाड्यांत स्टीअरिंगचा दांडा सरळ आणि सलग असे, धडकेत दुमडत नसे. पुढचा भाग मागे सरकला की तो भाल्यासारखा छातीकडे येई. डॅशबोर्ड लोखंडी, त्यावर बाहेर आलेली बटणे, सीटला डोके टेकायला आधार नाही. मूळच्या गाडीला बेल्टही नाही. 'डुक्कर फियाट'च्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. कुलूप निसटले की वारा दरवाजा सताड उघडणार आणि बेल्ट नसलेला माणूस रस्त्यावर. या गाड्यांविषयी जिव्हाळा मलाही आहे, पण तो दिसण्याबद्दलचा.

नवे तेवढे चांगले असेही मात्र नाही. धडक-चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना शून्य तारे मिळाले. त्या काळच्या गाड्या आजही लातूर, परभणी, बीडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात जोरात विकल्या जातात. घेणाऱ्याने आधी आरसीवरचा उत्पादनाचा महिना पाहावा. समोरून ताशी ५६ किमी आणि बाजूने ५० किमी धडकेची सक्तीची चाचणी नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची, पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या मोटारींना २०२२ पासून. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले ते उगाच नाही. तिच्यात चालकाचे गुडघे पुढच्या चाकाच्याही पुढे येतात, चुरगळायला जागा उरतच नाही. तारे देणारी आपली सरकारी चाचणी, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण ती ऐच्छिक. चाचणी झालेली असेल तर तारे बघून घ्यावेत.

दुसरी गोष्ट माझ्या मते तारखेहूनही महत्त्वाची: ठोकलेली आणि 'बनवलेली' गाडी. आधुनिक गाडीच्या काचेलगतचा आणि दोन दरवाजांमधला खांब बहुधा बोरॉन पोलादाचा असतो. तापवून साच्यातच थंड केलेले हे पोलाद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकदीचे असते, त्यात साधे ड्रिलसुद्धा शिरत नाही. डेंटर असा खांब गॅसवर लाल करून ओढतो, वर पुट्टी आणि रंग मारतो. दिसायला झकास. पण लाल होऊन सावकाश गार झालेले ते पोलाद मऊ पडते. पुढच्या धडकेत पिंजरा नेमका तिथून दुमडणार. असा खांब कंपनीने ठरवून दिलेल्या जागी कापून नवा बसवायचा असतो, ओढायचा नसतो.

हे ओळखायचे कसे? दरवाजाची रबरी पट्टी हाताने ओढून काढावी. खालचे कंपनीचे स्पॉट वेल्डिंग ठरावीक अंतरावर गोल ठिपक्यांसारखे दिसते. तिथे सलग वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे असतील तर तिथून उठावे. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावरच्या चिठ्ठीतले वर्ष गाडीच्या वर्षाशी ताडावे. पट्टा चकाकलेला किंवा लाटांसारखा ताणलेला असेल, तर त्याने एक अपघात झेलला आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढला असेल किंवा दुसऱ्या दिव्याला जोडला असेल, आणि कव्हराखाली एअरबॅग असेलच असे नाही. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर शिवून घेतलेले जाड कव्हर नको. बंपरपुढचे लोखंडी गार्ड काढून टाका. त्यावर २०१७ पासून बंदी आहे, आणि ते धडक थेट पेट्यांवर नेऊन एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडवते.

जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांनी निदान बेल्ट नीट बसवावा. तळाला भोक पाडून वॉशरवर बोल्ट आवळणे म्हणजे फसवणूक आहे, धडकेत बोल्ट पत्र्यासकट निघून येतो. बेल्टचा ७/१६ इंची बोल्ट आणि पत्र्याखाली किमान ३ मिमी जाड, ५० × ७५ मिमीची पट्टी लागते, तीही गंज नसलेल्या जागी. खांद्याचा पट्टा खांद्याच्या उंचीला किंवा वर अडकवायला भक्कम जागा नसेल तर नुसता कमरेचा बरा. खाली अडकवलेला पट्टा मणक्यावर दाब आणतो. आपोआप गुंडाळणारी रीळ तिरकी बसवली की अडकून बसते. ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असेल तर एक पाइप गळताच चारही चाकांचे ब्रेक जातात, त्यामुळे रबरी होज जुने ठेवू नयेत आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने टायर नकोत. पन्नास वर्षांवरील गाडीला 'व्हीए' (व्हिंटेज) क्रमांक मिळतो, पण मग ती रोजच्या वापराला नेता येत नाही. नियम योग्यच आहे. मोटारींना ताशी १२० किमीची मुभा असलेल्या समृद्धीवर अशा गाडीचे कामच काय?

एका ठिकाणी मात्र जुनी-नवी सारख्याच हतबल. धुळे–सोलापूर रस्त्यावर रात्री उभी असलेली उसाची ट्रॉली. तिचा मागचा काठ बोनेटच्या वर येतो. गाडी खाली घुसते, चुरगळायच्या पेट्या कशालाच आदळत नाहीत आणि ट्रॉली थेट काचेवर येते. यावर उपाय ट्रॉलीलाच करावा लागेल: मागे जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर चासीला घट्ट जोडलेला आडवा लोखंडी दांडा, आणि काठभर लाल रिफ्लेक्टर पट्टी, जी उसाच्या लोंबत्या वाड्यांखाली झाकली जाणार नाही. गळीत हंगामाच्या वाहतूक करारातच कारखान्यांनी ही अट घालावी आणि अट न पाळणाऱ्या ट्रॉलीला वजनकाट्यावर घेऊ नये.

आपला,
एक मोटार विमा सर्व्हेअर, लातूर